अण्णांचा आवाज

फेब्रुवारी, शुक्रवार. रात्रीचे साडेदहा.

सकाळी अण्णांनी चटणी मागितली, आईला ऐकूच गेलं नाही. जन्मभर मागांच्या खडखडाटावर ओरडून बोललेला माणूस. आता नुसती हवा निघते.

सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेनंतर बसला आवाज. नंदीध्वजांपुढे ‘एकदा भक्तलिंग हर्र बोला हर्र’ जरा जास्तच झालं असेल, असं धरून चाललो. हळद-दूध, गुळण्या, गोळ्या. महिना गेला. मग कान-नाक-घशाच्या डॉक्टरांनी नाकातून दुर्बीण घातली. घसा स्वच्छ, पण डावी स्वरपट्टी हलत नाही. विड्यांमुळे मी मनातल्या मनात कॅन्सर ठरवूनच बसले होते. त्यांनी छातीपर्यंतचा सीटी स्कॅन लिहून दिला. छातीचा कशाला, म्हणून मी वैतागले.

आज रिपोर्ट आला. महाधमनी, म्हणजे हृदयातून निघणारी मुख्य रक्तवाहिनी, तिच्या कमानीला खालून फुगा आलाय. डॉक्टरांनी पाकिटावर चित्र काढलं. स्वरयंत्राची डावी नस, म्हणजे मज्जातंतू, थेट गळ्यात जात नाही म्हणे. आधी छातीत उतरते, कमानीखालून वळसा घेते आणि पुन्हा वर चढते. उजवी वरच्या वरच वळते, म्हणून ती वाचली. फुग्यानं डावी दाबली. याला ऑर्टनर सिंड्रोम म्हणतात. १८९७ साली व्हिएन्नाच्या नॉर्बर्ट ऑर्टनरनी हे सांगितलं, पण त्यांच्या रुग्णांत झडप अरुंद होऊन हृदयाचा वरचा डावा कप्पा फुगलेला होता.

असे फुगे बहुधा गुपचूप वाढतात आणि एक दिवस फुटतात. आई म्हणाली, सिद्धेश्वरानंच आवाज काढून घेतला, म्हणून कळलं. मी वाद घातला नाही. बीपीची गोळी बुडवायचे त्यावर मात्र आज बोलले, रडेपर्यंत.

पुढच्या आठवड्यात पुणे. मांडीच्या धमनीतून आत नळी बसवतील, पॉलिएस्टरच्या कापडाची. आवाज परत येईलच असं नाही. ‘कापड’ ऐकून अण्णा पहिल्यांदा पुढे सरकले. कुजबुजले, “रीड-पीक किती?” डॉक्टर माझ्याकडे बघत राहिले. “वीण किती घट्ट, विचारतायत,” मी म्हटलं.

घरी येऊन वाचत बसले. १९५० च्या दशकात ह्यूस्टनचे सर्जन मायकेल डिबेकी दुकानातून डेक्रॉन, म्हणजे पॉलिएस्टरचंच कापड, आणून बायकोच्या शिलाई मशीनवर अशा नळ्या शिवायचे. अण्णांना वाचून दाखवलं. बराच वेळ गप्प. मग मला जवळ बोलावून कानाशी म्हणाले, “शिवलेली नको. शिवण उसवते. अखंड विणलेली आहे का विचार.”