जरा लक्ष ठेवाल का?

परवा दुपारी स्टेशनवर बसले होते, गाडी लेट, आणि शेजारचा माणूस एकदम उठून "ताई, जरा बॅगकडे बघाल का, आलोच" म्हणाला, मी हो म्हणायच्या आत गेलासुद्धा. आता गंमत बघा, चोरीची भीती अनोळखी माणसांची आणि राखायला दिली कोणाला, तर अनोळखी बाईला! पण हे आपण सगळेच करतो आणि कसं कोण जाणे, निभावतं.

मला लोक जरा जास्तच निवडतात. माझा चेहरा विश्वासू आहे असा माझा समज, घरच्यांच्या मते तो रिकामटेकडा आहे. असो. मी स्वतः मात्र हेडफोनवाला कधीच निवडत नाही, सगळ्यात जास्त सामान असलेला बघते, तो बिचारा पळून पळून पळणार कुठे.

आणि एकदा हो म्हटलं की काय होतं आपल्याला! स्वतःची पर्स उघडी पडलेली आणि नजर त्या परक्या बॅगेवर, जवळून जाईल तो चोर. मोरिअर्टी नावाच्या मानसशास्त्रज्ञाने याचा प्रयोगच केला होता, १९७५ मधे छापून आला. न्यूयॉर्कच्या बीचवर एकाने रेडिओ ठेवून उठून जायचं, दुसऱ्याने येऊन तो उचलायचा, दोघंही त्याचीच माणसं. पहिला लक्ष ठेवायला न सांगता उठून गेला तर शेजारच्या २० टक्के लोकांनीच चोराला अडवलं, "जरा लक्ष ठेवा" सांगून गेला तर ९५ टक्क्यांनी, काहीजण तर मागे धावले. उरलेले ५ टक्के बहुतेक झोपले असणार.

लहानपणी ते सामान म्हणजे मीच असायचे. आई तिकीट काढायला जाताना दिसेल त्या बाईला "हिच्याकडे बघा हो जरा" सांगून मोकळी. त्यातली एक अजून आठवते, दणकट, तोंडावर हसू वगैरे काही नाही, माझं मनगट जे धरलं ते सोडेच ना. मी ओढून बघितलं, रडून बघितलं, पाणी प्यायचंय म्हणून सांगितलं, बाई ढिम्म! आई आल्यावर हात सोडला आणि दुसरीकडे बघायला लागली, जसं काही आमची ओळखच नव्हती. नव्हतीच की. तिच्या बांगड्यांचे वळ मात्र घरी जाईपर्यंत होते मनगटावर.

माणूस लवकर आला नाही की बॅगेची काळजी राहते बाजूला, त्याचीच सुरू होते. चक्कर बिक्कर आली असेल का, गाडी चुकेल का त्याची. परवाचा तो आला, "थँक्यू हां" म्हणाला, बास.

हॉस्पिटलमधे आयसीयूच्या बाहेर मात्र बॅगेचं कोणी बोलत नाही. तिथे एक काका मला म्हणाले होते, "मी खाली औषधं आणायला जातोय, आतून नाव पुकारलं तर फोन कराल का?" बायकोचं नाव सांगितलं, माझ्याकडून दोनदा म्हणवून घेतलं, नंबर दिला. पुकारलं, मी फोन केला, ते धापा टाकत आले आणि आत गेले, तेवढ्यात आमच्या पेशंटला दुसऱ्या मजल्यावर हलवलं म्हणून मीही तिथून निघाले. पुढचं काही कळलं नाही. "आयसीयू काका" असा तो नंबर अजून फोनमधे आहे. डिलीट करायला हरकत नाही खरं तर.