डावरी किल्ली

श्टुटगार्टला भाच्याकडे गेले होते, तेव्हा एका पावसाळी दुपारी त्याने मला पोर्शेच्या संग्रहालयात नेलं. गाडी म्हणजे इथून तिथे नेणारी वस्तू, यापलीकडे माझी समज नाही. पाय दुखायला लागले म्हणून ९११ नावाच्या एका जुन्या गाडीपाशी थबकले, काचेतून आत डोकावले. किल्लीची जागा स्टिअरिंगच्या डाव्या अंगाला!

"अरे, ही तर माझ्यासारखी डावरी!"

पंगतीत मला कायम रांगेच्या डाव्या टोकाचं पान असे. मधे बसले की माझं कोपर शेजारच्याच्या आमटीत. देवळात तीर्थासाठी डावा हात पुढे गेला की आजीची मागून चापट. शेवटी तिने माझ्या उजव्या मनगटात काळा दोरा बांधला. तो कधीच तुटला, पण प्रसाद घेताना मी अजून आधी मनगट बघते.

भाच्याने खुलासा केला. फ्रान्समध्ये ल मांला १९२३ पासून २४ तासांची शर्यत होते. पूर्वी गाड्या एका कडेला तिरक्या उभ्या, ड्रायव्हर समोरच्या कडेला. झेंडा पडला की धावत जाऊन आत उडी मारायची. डाव्या हाताने किल्ली फिरवायची, उजव्याने गिअर टाकायचा. काही जाणकार ही दंतकथाच मानतात. मानोत बापडे. उजव्या स्टिअरिंगच्या ९११ ला मात्र किल्ली उजवीकडे, दाराच्या बाजूला. म्हणजे आपल्याकडे येताना तिलाही कुणीतरी आजी भेटलीच.

पण २४ तासांत तो एक सेकंद वाचवून मिळायचं काय? १९६९ साली बेल्जियमचा जॅकी इक्स मुद्दामच धावला नाही. ही पळापळ त्याला जिवावरची वाटायची. बाकीचे सुसाट निघाले, हा रमतगमत गाडीपाशी गेला, बेल्ट नीट बांधला आणि सगळ्यांच्या मागून सुटला. दुसऱ्या दिवशी त्याच्या फोर्डने हान्स हेरमानच्या पोर्शेला हरवलं, जेमतेम १२० मीटरने! पुढच्या वर्षीपासून ड्रायव्हर आधीच बेल्ट बांधून बसू लागले. त्याच वर्षी हेरमान आणि रिचर्ड ॲटवुडने ९१७ या शर्यतीच्या गाडीतून पोर्शेला तिथलं पहिलं विजेतेपद मिळवून दिलं. मग बायकोला दिलेल्या शब्दाखातर हेरमानने शर्यती सोडल्या. मला हा माणूस फार आवडला.

"आणि इक्स चालत गेला ना, त्याच शर्यतीत," जिना उतरताना भाचा म्हणाला, "जॉन वुल्फ नावाचा ब्रिटिश ड्रायव्हर पहिल्याच फेरीत गेला. ९१७ होती त्याची. घाईत बेल्ट बांधायचा राहिला होता."

बाहेर पाऊस वाढला होता. पळतच गाडीत शिरलो. त्याने किल्लीला हात घातला.

म्हटलं, थांब जरा.