दीड मीटरच्या फळीवरची रेल्वे

जर्मनीत स्टुटगार्टहून उल्मकडे जाणाऱ्या गाडीत बसलं की पाऊण तासात ग्योपिंगन येतं. आम्ही राहतो ते एसलिंगन याच मार्गावर आहे. ग्योपिंगनमध्ये १८५९ साली मॅर्कलिन कंपनी सुरू झाली, तीही भातुकलीची पत्र्याची भांडी बनवायला. १८९१ मध्ये या कंपनीने लाइपझिगच्या व्यापारी जत्रेत किल्लीची, खेळण्यातली आगगाडी मांडली. त्यातलं खरं शहाणपण होतं रुळांच्या ठरवून दिलेल्या रुंदीत. यंदा इंजिन आणि गोल रूळ घ्यायचे, पुढच्या नाताळला दोन डबे, त्यापुढे एक सांधा (गाडीला एका रुळावरून दुसऱ्यावर वळवणारा तुकडा), आणि सगळं एकमेकांत चपखल बसणार. इथल्या घरांमध्ये आजोबांचं इंजिन नातवाच्या रुळांवर धावताना दिसतं, त्याचं मूळ या ठरलेल्या मापात आहे.

नोव्हेंबर संपत आला की आमच्या इमारतीतले लोक तळघरातून खोकी वर आणू लागतात. इथे प्रत्येक फ्लॅटला तळघरात एक छोटी खोली असते आणि रेल्वेचं सामान वर्षभर तिथेच झोपलेलं असतं. नाताळच्या झाडाखाली गाडी फिरवायची आणि जानेवारीत पुन्हा खोक्यात भरायची, ही कित्येक घरांतली रीत. आमच्याकडे मात्र ती बाराही महिने चालते. म्हणूनच आज मोठ्या लेआउटबद्दल, म्हणजे रूळ-डोंगर-गावाच्या भल्यामोठ्या मांडणीबद्दल, न लिहिता साध्या, घरगुती लेआउटबद्दल लिहिते आहे. हॅम्बुर्गचं मिनिएचर वंडरलँड हे छोट्या रेल्वेचं भलंमोठं प्रदर्शन पाहून आलेले मित्र म्हणतात, असं काही आपल्या घरात होणं शक्य नाही. पण तसं करायचंच कशाला? खेळायला एक फळी पुरते.

आमची फळी दीड मीटर लांब आणि नव्वद सेंटिमीटर रुंद आहे. यापेक्षा रुंद घेऊ नये, कारण भिंतीला लावल्यावर पलीकडच्या कडेला घसरलेला डबा हाताने उचलता आला पाहिजे. गाडी एच-ओ मापाची, म्हणजे खऱ्याच्या सत्त्याऐंशीवा भाग. रुळांमधलं अंतर साडेसोळा मिलिमीटर. कमीत कमी वळणाचे बारा तुकडे जोडले की पूर्ण वर्तुळ होतं. त्याला दोन्ही बाजूंना तीन-तीन सरळ तुकडे लावले की झाली लंबगोल फेरी. आतल्या बाजूला एक सांधा आणि त्यातून निघालेली एक सायडिंग, जिथे मालगाडीचे डबे सोडून ठेवता येतात.

या फेरीची लांबी साधारण तीन मीटर चाळीस सेंटिमीटर भरते. खऱ्या रेल्वेच्या हिशेबात हे तीनशे मीटरसुद्धा नाही. आपली सोळा डब्यांची एलएचबी गाडी इंजिनासकट या मापात केली, तर साडेचार मीटरची होईल आणि फेरीत तिचं तोंड तिच्याच शेपटाला जाऊन धडकेल. म्हणून छोट्या जागेत एक्स्प्रेसचा हट्ट नको, आडमार्गावरची गाडी चालवावी. आमच्याकडे जर्मनीचा लाल रेलबस आहे. १९५० च्या दशकात खेड्यापाड्यांतल्या तोट्यातल्या फाट्यांवर हे रेलबस धावू लागले आणि बंद पडू घातलेले कितीतरी मार्ग त्यांनी काही वर्षं तगवले. मॉडेल जेमतेम सोळा सेंटिमीटरचं आहे, त्यामुळे घट्ट वळणावरही ते शोभून दिसतं. ते चालताना मला हटकून मूर्तिजापूर-यवतमाळची शकुंतला आठवते. फाट्यावरची गाडी ही गावाची गाडी असते, आणि असंच एक गाव मला या फळीवर हवं होतं.

खरेदीआधी एक गोष्ट नीट समजून घ्या. मॅर्कलिनच्या रुळांच्या मधोमध धातूचे बारीक ठिपके असतात. इंजिनाच्या पोटाखालची लांब पट्टी त्यांवर घासत जाते आणि वीज घेते, परतीची वाट दोन्ही रुळांतून. इतर बहुतेक कंपन्यांचे रूळ दोन तारांसारखे काम करतात, एक धन आणि एक ऋण. त्या रुळांवर गाडी वळवून त्याच मार्गावर परत आणायचा फास केला की शॉर्ट सर्किट होतं आणि वेगळं वायरिंग करावं लागतं. मॅर्कलिनमध्ये ती अडचण येत नाही. मात्र दोन पद्धतींची सरमिसळ होत नाही, म्हणून आधी एक पद्धत ठरवा आणि मगच जुन्या बाजारात हात घाला. जुन्या बाजारात चांगली इंजिनं मिळतात, पण २२० व्होल्टच्या काळातले निळे ट्रान्सफॉर्मर घेऊ नका. आजच्या २३० व्होल्टवर ते गाडीला जास्त दाब देतात. वीजपुरवठा नवाच असावा.

माझ्या लेकीला घाट हवा होता. त्याला कारणही तसंच. ग्योपिंगनच्या पुढे गाइसलिंगनचा चढ आहे, १८५० मध्ये बांधलेला, हजार मीटरला साडेबावीस मीटर चढणारा. जड मालगाड्यांना तिथे मागून इंजिन लावतात, आपल्या कर्जतला बँकर इंजिनं लावतात तसं. मागचं इंजिन जोर लावताना ऐकलं की मुंबई-पुणे प्रवास केलेल्या माणसाला वेगळं काही सांगावं लागत नाही. पण फळीवर हिशेब असा, की शंभर सेंटिमीटरला तीन सेंटिमीटरपेक्षा जास्त चढ देऊ नये. एका रुळावरून दुसरा न्यायला नऊ-दहा सेंटिमीटर उंची लागते, म्हणजे चढायलाच तीन मीटर. आमच्या फेरीत ते बसणं शक्य नव्हतं.

मग रूळ सपाट ठेवले आणि डोंगरच गाडीवर आणला. दिवाळीत आम्ही अंगणात किल्ला करायचो, विटा आणि पोती रचून वर मातीचा लेप. तीच पद्धत इथे वापरली. कोपऱ्यात पुठ्ठ्याच्या पट्ट्यांचा सांगाडा, त्यावर वर्तमानपत्राचे तुकडे खळीत बुडवून तीन थर, वर प्लास्टर. ओलं असतानाच सुरीने कातळाच्या कपारी काढल्या. लेकीने बुरूज उभारला आणि मावळेही ठेवले, जर्मन रेलबसच्या वर! बोगद्याचं तोंड ठरवताना सगळ्यात लांब डबा वळणावरून हाताने ढकलून पाहायचा, कारण वळणावर डब्याचा मधला भाग आत येतो आणि टोकं बाहेर जातात. शिवाय डोंगराला मागून हात जाईल एवढं भगदाड हवंच.

आवाजाचं म्हणाल, तर रुळांखाली बुचाच्या लाकडाचा पातळ थर आणि फळीच्या पायांना जाड फेल्ट लावलं की खालच्या मजल्यावर खडखड पोहोचत नाही. इथे रात्री दहानंतर आणि रविवारी शांतता पाळायची असते, आणि रविवार हाच तर खेळायचा दिवस. इंजिनाला तेल द्यायचं ते सुईच्या टोकावर मावेल इतकंच. जास्त झालं तर ते चाकांच्या रबरी कड्यांवर उतरतं आणि गाडी जागच्या जागी घसरत राहते.

शनिवारी संध्याकाळी आमचा खेळ ठरलेला असतो. सायडिंगवर तीन डबे, लेकीने लिहिलेल्या चिठ्ठीवर त्यांचा क्रम, आणि तो क्रम कमीत कमी हालचालींत जुळवायचा. एक सांधा, तीन डबे, पण जेवण गार होईपर्यंत डोकं चालतं. बाबा स्टेशन मास्तर, मी ड्रायव्हर आणि चिठ्ठीवरचा हुकूम तिचा. येत्या सुट्टीत पुण्याला आलो की तिला कोथरूडला भाऊ जोशींनी उभारलेलं छोट्या रेल्वेचं संग्रहालय दाखवणार आहे. १९९८ पासून ते लोकांसाठी खुलं आहे. पुण्यातल्या वाचकांनी पोरांना घेऊन जरूर जावं, आणि घरी आल्यावर दिवाण किंवा पलंगाखाली नव्वद सेंटिमीटर जागा मोकळी आहे का तेही मोजून पाहावं.