अर्थिंगचं रीडिंग 1.8, तरी कंट्रोल बॉक्स जळाला

ऑक्टोबरात पाऊस गडगडत परत फिरतो, त्या दिवसांत गोराई गावातून फोन आला. बंगल्याच्या आवारात हॅम (हौशी) रेडिओचा 18 मीटरचा टॉवर, त्यावर वीज पडलेली. अर्थिंगचा रोध मोजणारा अर्थ टेस्टर घेऊन बोटीने खाडी ओलांडली.

टॉवरच्या पायथ्याशी काँक्रीटचा तळहाताएवढा टवका उडाला होता. पायातले बोल्ट आतल्या सळ्यांना बांधलेलेच नव्हते. अशा वेळी करंट काँक्रीट फोडून वाट काढतो, आतल्या ओलाव्याची क्षणात वाफ होते.

घरात रेडिओ शाबूत. रोटरचा, म्हणजे टॉवरवरची अँटेना फिरवणाऱ्या मोटरचा, कंट्रोल बॉक्स, कॉम्प्युटर आणि राउटर मात्र गेले. "कोॲक्स, अँटेनाची केबल, काढून ठेवली होती हो. आणि अर्थिंगचं रीडिंग 1.8 ओहम आहे," बंगल्यातले काका म्हणाले. मी टॉवरच्या अर्थिंगचं मोजलं: टेस्टरची करंटची खुंटी 30 मीटरवर, म्हणजे पार गल्लीत, आणि व्होल्टेज मोजणारी मधली 18.5 मीटरवर. 1.8 ओहमच. खाऱ्या, ओल्या वाळूत एवढं मिळतं.

पण 30 हजार अँपिअरची वीज धरली तर 1.8 ओहमवर 54 हजार व्होल्ट होतात. टॉवरचं व्होल्टेज तेवढं वर गेलं आणि घराचं अर्थिंग, 14 मीटरवर वेगळा खड्डा, होतं त्याच व्होल्टेजवर राहिलं. दोघांमध्ये धातूची वाट एकच उरली होती: रोटरची सहा कोरची केबल. तिच्यातून कंट्रोल बॉक्स, तिथून एक फाटा थ्री-पिनमधून घरच्या अर्थला, दुसरा यूएसबीने कॉम्प्युटरला, पुढे राउटरला. कोॲक्स सगळ्यांना आठवते, रोटरची केबल कुणालाच नाही.

टॉवरपासून अर्थिंगच्या रॉडपर्यंतची वायर तर बघण्यासारखी होती. उरलेली दोन मीटर वायर कुणी व्यवस्थित गुंडाळून बांधून ठेवली होती. विजेच्या वेगाने चढणाऱ्या करंटला असं वेटोळं म्हणजे अडसर. सरळ वायरचाही हा अडसर (इंडक्टन्स) मीटरमागे सुमारे एक मायक्रोहेन्री असतो, त्यामुळे मायक्रोसेकंदाला दहा हजार अँपिअर चढले की मीटरमागे दहा हजार व्होल्ट. वायर नुसती जाड करून भागत नाही. रुंद पट्टी, कमी लांबी, आणि वळण घ्यावंच लागलं तर किमान 20 सेंटीमीटर त्रिज्येचं.

दुरुस्तीला दोन दिवस लागले. टॉवरभोवती 3 मीटरचे तीन रॉड, एकमेकांपासून 6 मीटरवर. 25 बाय 3 मिलीमीटरची तांब्याची पट्टी 60 सेंटीमीटर खोल चरात, जमिनीखालचे सांधे थर्माइट वेल्डचे. टॉवरच्या जस्तावर तांबं थेट बसवलं नाही, खाऱ्या हवेत जस्त भराभर संपतं. मध्ये स्टेनलेस स्टीलची पट्टी घातली. तीच तांब्याची पट्टी पुढे घराच्या मुख्य अर्थला नेऊन जोडली. केबल टॉवरच्या तळाशीच उतरवून भिंतीवरच्या एका तांब्याच्या प्लेटवर आणल्या: कोॲक्सला गॅस ट्यूबचा अरेस्टर, रोटरच्या प्रत्येक कोरला एमओव्ही. मेन बोर्डात एसपीडी. तिन्हींचं काम एकच, जादा व्होल्टेज आलं की ते अर्थकडे वळवणं.

शेवटी टॉवरच्या पायापासून सॉकेटच्या अर्थ पिनपर्यंत मोजलं, 0.2 ओहम. हा आकडा टॉवर आणि घराच्या अर्थमधल्या जोडाचा, 1.8 टॉवरच्या अर्थिंगचा जमिनीशी; या दोन वेगळ्या मापांच्या गोष्टी आहेत, हे काकांच्या गळी उतरवायला पुन्हा चहा झाला.