व्हीसीएस ३ प्रकल्प: ड्रोन टिकला, आणि लगेच बेत बदलला

पिंक फ्लॉइडनं वापरलेल्या व्हीसीएस ३ या जुन्या सिंथेसायझरच्या धर्तीवर मी घरी एक सिंथेसायझर बनवतोय. त्याच्या ड्रोनमधला, म्हणजे अखंड घुमणाऱ्या एकाच स्वरातला हेलकावा अखेर टिकला! परवा रात्री दोन्ही ऑसिलेटर (स्वर निर्माण करणारी सर्किटं) लावून सोडले आणि फ्लॉइडच्या 'ऑब्स्क्युअर्ड बाय क्लाउड्स' अल्बमचा पहिला ट्रॅक (मला हवा तो ड्रोन त्यातलाच) जेवढा चालतो तेवढी तीनेक मिनिटं दोन जवळच्या स्वरांतून उठणारा तो संथ बीट जागचा हलला नाही. 'सॉफ्टवेअर घे आणि मोकळा हो' म्हणणाऱ्यांना प्रेमाचा नमस्कार.

सीक्वेन्स (आपोआप फिरत राहणारी स्वरांची माळ) सोडून मी ड्रोनच्या मागे का लागलो, हे पुन्हा विचारलं गेलंय. पिंक फ्लॉइडनं हा अल्बम १९७२ साली दिग्दर्शक बार्बे श्रोडरच्या 'ला व्हाले'साठी केला. पॅरिसजवळच्या शातो देरुव्हील स्टुडिओमध्ये, जपान दौऱ्याच्या अलीकडे-पलीकडे दोन खेपांत, चित्रपटाचा कच्चा कट बघत आणि स्टॉपवॉच लावून. घासूनपुसून चकचकीत करायला वेळच नव्हता, आणि मला तो त्यामुळेच 'डार्क साइड ऑफ द मून'पेक्षा जवळचा वाटतो. सगळे 'डार्क साइड'मधल्या 'ऑन द रन'च्या मागे धावतात, पण तो सिंथी एकेएस या व्हीसीएस ३च्या भावंडाचा सीक्वेन्स. तिथला एकेक स्वर इतका तोकडा की ऑसिलेटर थोडा सरकला तरी कानाला कळत नाही. ड्रोनमध्ये लपायला जागाच नाही.

आता मूळ दुखणं. तंबोऱ्याच्या जोडीच्या तारा जुळताना लाटा मंदावत जातात ना, तसं. फक्त मला त्या पूर्ण थांबायला नको होत्या. दोन सेकंदांना एक लाट, म्हणजे अर्ध्या हर्ट्झचा फरक. एवढ्या जवळ आणले की दोन्ही ऑसिलेटर एकमेकांना चिकटायचे आणि लाट मरायची. एकाच्या रीसेटचा झटका सप्लायमधून दुसऱ्यापर्यंत पोचत होता. प्रत्येकाच्या +१२ आणि −१२ वाटेत १० ओहम आणि १०० मायक्रोफॅरड टाकल्यावर ते थांबलं. हे मागे लिहिलंच आहे.

मग उरलं तापमान. रेकॉर्डिंगला माइक उघडला की पंखा बंद करावा लागतो. पंखा बंद, की रेग्युलेटरशेजारचा (सप्लायचं व्होल्टेज स्थिर ठेवणारा, तापणारा भाग) ऑसिलेटर आधी तापतो आणि दुसरा मागे राहतो. एक्स्पो कन्व्हर्टरचं, म्हणजे व्होल्टेजवरून सूर ठरवणाऱ्या ट्रान्झिस्टरच्या जोडीचं प्रमाण अंशाला सुमारे ०.३३ टक्के बदलतं. रेफरन्सपासून (जिथे तापमानाचा परिणाम शून्य, त्या स्वरापासून) चार ऑक्टेव्ह खाली असलात तर एका अंशाला १६ सेंट (अर्धस्वराचे शंभरावे भाग), ११० हर्ट्झला जवळजवळ १ हर्ट्झ. जिथे सगळा खेळ अर्ध्या हर्ट्झचा, तिथे हा हिशेब वाचूनच घाम फुटतो (पंखा बंद होता हेही आहेच). रेग्युलेटर लांब नेला, डबीला छिद्रं पाडली, ट्रान्झिस्टरच्या जोड्यांवर थर्मल पेस्ट थापली. सुधारणा झाली, पण समाधान नाही.

उपाय निघाला सीए३०४६ या चिपमधून. एकाच सिलिकॉनवर पाच ट्रान्झिस्टर: पहिल्या दोघांचे एमिटर (ट्रान्झिस्टरच्या तीन पायांपैकी एक) आतूनच जोडलेले, ती जोडी एका ऑसिलेटरला, तिसरा-चौथा दुसऱ्याला. पाचवा रिकामा, मात्र त्याचा एमिटर म्हणजे सबस्ट्रेट (चिपचा पाया), तेव्हा पिन १३ विसरू नका, −१२ ला बांधा. आता दोघं तापतात ते बरोबरीनं. सूर सरकतो, पण जोडीनं, त्यामुळे लाट आपल्या चालीनं येत राहते. व्हीसीएस ३चे मूळ ऑसिलेटर सरकण्यासाठी कुप्रसिद्धच होते, तेव्हा सगळं सरकणं मारून टाकायची हौस मला नाही.

चिपबद्दल एक सूचना. ऑनलाइन आलेल्या स्वस्त नगांत पिन ३चा दोन्ही ट्रान्झिस्टरांशी संबंधच लागेना. आत काय भरलं होतं देव जाणे. मल्टिमीटर डायोडवर ठेवून पिन २–३ आणि ४–३ तपासा, दोन्हीकडे ०.६–०.७ व्होल्ट दिसलं पाहिजे. चांगले नग पुण्यात पासोड्या विठोबाजवळच्या एका काकांकडे मिळाले, तेही काउंटरवर तपासून.

दरम्यान धाकट्या बहिणीनं ऑर्गनवर 'बर्निंग ब्रिजेस' बसवलं आणि 'मडमेन' जवळपास फुकटात पदरात पडलं, कारण दोन्हींचा सांगाडा एकच. फ्लॉइडचा कीबोर्डवादक रिचर्ड राइटचं काम या अल्बममध्ये किती आहे, ते वाजवायला बसल्यावर कळतं.

पुढचा बेत टेम्पको रेझिस्टरचा होता, म्हणजे तापमानाबरोबर बदलून सरकणं भरून काढणाऱ्या रेझिस्टरचा, ३३०० पीपीएमचा (अंशाला ०.३३ टक्के), म्हणजे सोबतच्या गिटारसाठी सूरही जागेवर राहील. पण हे लिहिता लिहिता डोक्यात आलं: मला चार ऑक्टेव्ह खाली जायचंच कशाला? ड्रोनचा स्वर एकच. सूर ठरवणारा टायमिंग कपॅसिटर १ नॅनोफॅरडऐवजी १८चा लावला, तर ११० हर्ट्झ जवळजवळ रेफरन्स करंटवरच पडतो, ट्रान्झिस्टरच्या बेसवर (नियंत्रणाच्या पायावर) जवळजवळ शून्य व्होल्ट राहतात, आणि तापमानानं गुणायला फारसं काही उरतच नाही. टेम्पको रद्द! कीबोर्डवर वाजवायचं असेल तर हे चालणार नाही, वर-खाली गेलात की जुनं दुखणं परत. ड्रोनपुरतं मात्र पक्कं.

१८ नॅनो एक्स७आर सिरॅमिकमध्ये घेऊ नका, तापमानाबरोबर तोच बदलतो आणि केलेलं सगळं पाण्यात. सी०जी (तापमानानं जवळजवळ न बदलणारा सिरॅमिक) मिळाला तर उत्तम, नाहीतर पॉलिप्रॉपिलीन. माझ्या बोर्डवर पाच मिलिमीटरचीच जागा आहे, त्यामुळे पॉलिप्रॉपिलीन उभा करून, पाय वाकवून लावणार. शनिवारी काकांकडे जातो.