आमची वाटचाल: उद्यमनगर ते मिरजेचं ऑपरेशन थिएटर

१९९१ साली कोल्हापूरच्या उद्यमनगरात भाड्याच्या गाळ्यात एक जुना लेथ टाकून मी आणि माझा शाळासोबती अशा दोघांनी सुरुवात केली. आज आमची कंपनी हाडांत बसवायचे स्क्रू बनवते. तेलाच्या इंजिनांचे पार्ट करायचो. नोझल, पिन, बुशिंग. उद्यमनगरात तेव्हा जो तो हेच करायचा.

१९९६ च्या पावसाळ्यात मिरजेचे एक हाडांचे डॉक्टर गाळ्यावर आले. रुमालात गुंडाळून आणलेला स्क्रूड्रायव्हर त्यांनी बेंचवर ठेवला. ३.५ मिलिमीटरचा षटकोनी, बाहेरदेशी बनलेला, टोक झिजून गोल झालेलं. "मिस्त्री, ऐन ऑपरेशनमध्ये हा घसरतोय. पेशंट टेबलावर आणि मी स्क्रूशी झटतोय. असा करून देता का?" चौथ्या दिवशी करून दिला. मग त्यांनी स्क्रू दाखवला. ४.५ मिलिमीटरचा कॉर्टिकल, म्हणजे हाडाच्या बाहेरच्या कठीण थरासाठीचा, आणि १.७५ मिलिमीटरचा पिच, म्हणजे दोन आट्यांमधलं अंतर. इंजिनाच्या बोल्टचे आटे आणि हाडाचे आटे यांत जमीनअस्मानाचा फरक. हाडाच्या स्क्रूच्या आट्याची एक बाजू जवळपास उभी असते आणि दुसरी उतरती, म्हणजे ओढ पडली तरी हाडातली पकड सुटत नाही. साध्या लेथवर असा बारीक आणि लांब जॉब, म्हणजे घडवायचा तुकडा, टूलच्या दाबानं वाकतो. पहिल्या शंभरातले साठ आम्ही भंगारात टाकले. डॉक्टरांनी उरलेले चाळीस भिंगाखाली एकेक करून पाहिले आणि त्यातले नऊ परत दिले. बर, म्हणजे कापताना कडेला उरणारी धातूची कणी, राहिली होती, डोळ्याला दिसणारसुद्धा नाही एवढी. माझ्या मते आमची कंपनी त्याच दिवशी सुरू झाली.

पुढे कर्ज काढून स्लायडिंग हेडचं मशीन घेतलं. यात बार, म्हणजे धातूची सळई, गाईड बुश नावाच्या आधाराच्या कडीतून पुढे सरकतो आणि टूल बुशच्या अगदी जवळ कापतं, त्यामुळे जॉबला वाकायला जागाच राहत नाही. आट्यांसाठी व्हर्लिंगची जोड. आतून दात असलेली कडी बारभोवती तिरकी फिरते आणि आटा एकाच फेरीत पुरा होतो. ते पहिल्यांदा चाललं तेव्हा आम्ही दोघं मशीनसमोरून हललो नाही, जेवणाचे डबे तसेच राहिले.

२००५ साली हाडांचे इम्प्लांट, म्हणजे शरीरात बसवायचे स्क्रू-पट्ट्या, सरकारनं औषधाच्या व्याख्येत आणले. परवाना, कागदपत्रं, सगळं केलं. त्याच वर्षी भागीदार वेगळा झाला. हिशेब चोख झाला, त्याबद्दल माझी तक्रार नाही. त्यानं कोल्हापूरजवळच्या शिरोलीत स्वतःचं युनिट टाकलं, तेही स्क्रूचंच.

मग आलं २००८. पुण्याच्या एका मोठ्या वितरकाची ४,००० स्क्रूंची ऑर्डर होती. माल ३१६-एल, म्हणजे शरीरात बसवायला चालणारं स्टेनलेस स्टील. नेहमीच्या व्यापाऱ्याकडून बार आले, टॅग बरोबर, टेस्ट सर्टिफिकेट बरोबर, हीट नंबरही, म्हणजे एका वेळी वितळवलेल्या स्टीलचा नंबर, जुळत होता. पण त्याच मोळीत काही बार ३०४ चे, म्हणजे साध्या स्टेनलेस स्टीलचे, निघाले. दिसायला दोन्ही सारखेच चकचकीत. ३०४ मध्ये मॉलिब्डेनम हा धातू (आमच्या भाषेत मॉली) नसतो, आणि शरीराच्या खारट पाण्यात मॉलीशिवाय स्टीलला खड्डे पडतात. आम्ही फक्त कागद पाहिला होता. ती चूक माझी, आणि मी ती कधी दुसऱ्यावर ढकलली नाही.

माझी तक्रार वेगळी आहे. ही गोष्ट आधी कळली माझ्या जुन्या भागीदाराला. त्यानं बाजारातून आमचे दोन स्क्रू उचलले, लॅबला पाठवले आणि रिपोर्ट थेट वितरकाच्या टेबलावर ठेवला. रिपोर्ट खरा होता. पण माझा नंबर त्याला पाठ होता रे. एक फोन केला असता, तर माल दवाखान्यांत पोचण्याआधीच मी थांबवला असता. वितरकानं पैसे अडकवले आणि पुढची ऑर्डर शिरोलीला गेली. १४ पैकी ९ माणसं मला कमी करावी लागली. बायकोच्या पाटल्या पतसंस्थेत गेल्या. एसटीनं सोलापूर, लातूर, बेळगाव फिरून मी दवाखान्या-दवाखान्यातून स्क्रू गोळा केले. ११ स्क्रू पेशंटच्या हाडात बसले होते. त्या प्रत्येक पेशंटला डॉक्टरांकरवी बोलावून घेतलं, हाड जुळल्यावर ते काढवले आणि खर्च आम्ही दिला.

मिरजेच्या डॉक्टरांना मी स्वतः जाऊन सगळं सांगितलं. ते बराच वेळ बोलले नाहीत. मग चेकबुक काढलं आणि ५०० स्क्रूंचे आगाऊ पैसे लिहिले. "यापुढे प्रत्येक बारची तपासणी मला लेखी पाहिजे," एवढंच म्हणाले.

म्हणून या लाइनीत नव्यानं येणाऱ्या पोरांना सांगतो, कागदावर भरवसा ठेवू नका. मॉलीच्या थेंबाचं किट स्वस्त मिळतं. बारचं टोक घासा, थेंब टाका, बॅटरीची तार लावा, मॉली असेल तर रंग चढतो. मोळीतला एक बार नाही, प्रत्येक बार. कापलेल्या तुकड्यांच्या ट्रेवर हीट नंबर लिहा, आणि दोन हीटचा माल एका ट्रेमध्ये कधीच ठेवू नका. लॉट छोटा असो की मोठा.

नंतरची वर्षं बरी गेली. वैद्यकीय उपकरणांच्या दर्जाचं आयएसओ १३४८५ हे प्रमाणपत्र झालं, याच उपकरणांसाठीचे २०१७ चे नवे नियम आले, त्यातूनही पार पडलो.

मधल्या काळात उपचार मात्र पार बदलले. पूर्वी प्लेट, म्हणजे मोडलेलं हाड धरून ठेवणारी धातूची पट्टी, हाडावर घट्ट दाबून बसवायची, त्यानं खालचा रक्तपुरवठा दबायचा. आता लॉकिंग प्लेटमध्ये स्क्रूच्या डोक्यालाही आटे असतात आणि ते प्लेटमध्येच अडकतं. म्हाताऱ्या माणसांच्या पोकळ हाडातसुद्धा ती धरून राहते. आमच्यासाठी याचा अर्थ असा की डोक्याचे शंकूच्या आकाराचे आटे शंभर टक्के तपासायचे. त्यात टायटॅनियमचं काम आलं. त्याची उष्णता कापताना निघणाऱ्या चिपबरोबर, म्हणजे किसाबरोबर, निघून जात नाही, टूलच्या टोकाशीच साठते, आणि बारीक चुरा पेट घेतो. मशीनजवळ कोरड्या पावडरचा खास अग्निशामक ठेवावा लागतो, पाणी चालत नाही.

डॉक्टर आता थिएटरमध्ये जात नाहीत, त्यांची मुलगी ऑपरेशन करते. मागच्या आठवड्यात तिचा फोन आला, मनगटासाठी २.४ मिलिमीटरचा लॉकिंग स्क्रू करून पाहिजे म्हणून. पहिले वीस नमुने झाले आहेत, त्यातले सहा मीच बाजूला काढले. आटे तपासायचं गेज अजून बनतंय.