मानेतली साधी गाठ आणि माझा आवाज

मानेत गाठ म्हटलं की आपल्याकडे पहिली शंका टीबीची आणि दुसरी कॅन्सरची. माझ्याही गाठीची या दोन्हींसाठी तपासणी झाली आणि निघालं तिसरंच. श्वॅनोमा. मज्जातंतूच्या भोवती जे आवरण असतं, त्यातल्या पेशी वाढून होणारी गाठ. बहुतेक वेळा ती साधीच असते, हळूहळू वाढते. लोकांनी ऐकलेली असते ती कानाच्या नसेवरची. पण ती जिभेत होते, जठराच्या भिंतीत होते, घोट्याजवळ होते, पोटात अगदी मागे पाठीला लागूनही होते. माझी मानेत होती, उजवीकडे, जबड्याच्या खाली, व्हेगस नावाच्या नसेवर.

मी कराडजवळ जिल्हा परिषदेच्या शाळेत पहिली-दुसरीला शिकवते. गाठ दुखत नव्हती. पण त्या बाजूला दाबलं की खोकल्याची उबळ यायची. उशीवर उजव्या कुशीवर वळले तरी यायची. मला तो खडूच्या धुळीचा खोकला वाटायचा, घरच्यांनाही तसंच वाटायचं. सासूबाई ज्येष्ठमध उगाळून द्यायच्या.

गावातल्या डॉक्टरांनी सोनोग्राफी आणि सुईची तपासणी करायला सांगितली. सुई आत गेली तेव्हा कानापर्यंत कळ गेली आणि खोकल्याने माझा जीव घाबरा झाला. रिपोर्टमध्ये टीबी नाही, कॅन्सरच्या पेशी नाहीत, पण नक्की काय तेही नाही. या गाठींत सुईच्या तपासणीतून पुष्कळदा पक्कं निदान होत नाही, हे मला पुढे पुण्यात समजलं. तिथे कान-नाक-घसा विभागातल्या सर्जनबाईंनी दोन बोटांनी गाठ हलवून पाहिली. ती आडवी हलत होती, वर-खाली हलत नव्हती. त्यांनी हलकेच दाबलं आणि मी खोकले. "ताई, हा खोकलाच आपल्याला पत्ता सांगतोय," असं त्या म्हणाल्या.

मग एमआरआय झाला. मानेत मेंदूकडे जाणारी मोठी रोहिणी आणि तिकडून परत येणारी मोठी नीला शेजारी शेजारी असतात आणि व्हेगस नस त्या दोघींच्या मधोमध, जरा मागून जाते. माझ्या गाठीने या दोन रक्तवाहिन्यांना एकमेकींपासून दूर सारलं होतं. शेजारच्या दुसऱ्या नसेवरची गाठ असती, तर दोन्ही मिळून पुढे ढकलल्या गेल्या असत्या. मॅडमनी हे स्क्रीनवर बोट ठेवून दाखवलं. फिल्म समजावून सांगायला दिलेली ती दहा-पंधरा मिनिटं मला औषधासारखी लागू पडली. त्यांनी माझ्या पाठीवर, काखेत चहाच्या रंगाचे डाग आहेत का तेही पाहिलं, ऐकू नीट येतं का विचारलं, घरात कुणाला अशा गाठी होत्या का विचारलं. काही आजारांत अशा गाठी अनेक ठिकाणी होतात आणि ते घराण्यात चालतं. माझं तसं काही नव्हतं.

खरा प्रश्न त्यानंतर सुरू झाला. "साधी आहे ना, मग काढून टाका," असं जो तो म्हणत होता. हे वाक्य मला फार अपुरं वाटतं. गाठ साधी असली तरी ती ज्या नसेवर बसली आहे ती नस साधी नसते. आवाजाचे मज्जातंतू व्हेगसमधूनच जातात. गंमत अशी की ते घशाशी थांबत नाहीत. गळ्यावरून खाली उतरतात, उजव्या बाजूला हाताकडे जाणाऱ्या रोहिणीखालून वळसा घेतात आणि पुन्हा वर स्वरयंत्राकडे येतात. म्हणून जबड्याखालच्या गाठीपायी आवाज जाऊ शकतो. पहिलीच्या मुलांना कविता म्हणून दाखवणाऱ्या बाईला हे ऐकून काय वाटलं असेल ते लिहून सांगता येत नाही.

मॅडमनी घाई केली नाही. लक्ष ठेवून थांबणं हाही उपचारच आहे, असं त्यांनी स्पष्ट सांगितलं. आम्ही थांबलो. पुढच्या एमआरआयमध्ये गाठ वाढलेली दिसली, खोकलाही झोपू देईना, तेव्हा ऑपरेशन ठरलं. यजमान म्हणाले, "आवाज बसला तर मी बोलेन तुझ्या वाटचं, पण आता हे टांगणीला नको."

ऑपरेशनआधी नाकातून बारीक दुर्बीण घालून दोन्ही स्वरतंतू नीट हलतात याची नोंद केली. ही तपासणी आधी झालेली असलीच पाहिजे, असं माझं ठाम मत आहे. नंतर तुलना कशाशी करणार? भूल देताना श्वासनळीत घालतात त्या नळीवर स्वरतंतूंना टेकणारे इलेक्ट्रोड होते, म्हणजे नसेला धक्का लागला की मशीन आवाज करतं. गाठ हाताळताना हृदयाचे ठोके मंदावू शकतात, हेही भूलतज्ज्ञांनी आधीच सांगून ठेवलं होतं. नस तोडून गाठ काढायची नाही, असं ठरलं होतं. गाठीवर पसरलेले तंतू मशीनने शोधायचे, जिथे तंतू नाहीत तिथे नसेच्या लांबीच्या दिशेने चीर द्यायची आणि शेंगेचं टरफल जागेवर ठेवून दाणा काढावा तशी गाठ आतून सोडवायची.

शुद्धीवर आल्यावर यजमानांना हाक मारली तर नुसती हवाच आली. उजवा स्वरतंतू जेमतेम हलत होता. नस शाबूत आहे, ती दमली आहे, असं मॅडम म्हणत होत्या. पण त्याहून त्रास झाला पाण्याचा. घोटभर पाणी प्यायलं तरी ठसका. भाताची पेज चाले, पाणी चालत नसे. भाषोपचारतज्ज्ञ मुलीने हनुवटी छातीकडे झुकवून गिळायला शिकवलं, एका वेळी एकच छोटा घोट. मग ‘ऊ’चा स्वर लांबवणं, श्वास मोजून सोडणं, कुजबुजत बोलणं पूर्ण बंद. कुजबुजल्याने आवाजाला आराम मिळतो असं आपण धरून चालतो, पण तिने मला ते सक्त मना केलं होतं.

बायोप्सीचा रिपोर्ट साधा श्वॅनोमा असाच आला. एस-१०० ही तपासणी पॉझिटिव्ह होती. हा शब्द वाचून घरात सगळे धास्तावले, पण या गाठीत ती पॉझिटिव्हच येते. ती गाठ मज्जातंतूच्या आवरणातली आहे याचा तो पुरावा.

आवाज यायला महिने लागले. आधी जाडसर, मग फाटका, मग हळूहळू माझा. पाण्याचा ठसका त्याच्या बराच आधी थांबला. दुर्बिणीत आता उजवा तंतू डाव्याला जाऊन भिडतो, थोडा उशिरा, पण भिडतो. वर्गात मी लहान माइक लावते आणि मैदानावर शिट्टी वापरते. कवितेतली वरची पट्टी अजून लागत नाही, म्हणून चाल खाली आणली आहे आणि मुलांनी ती तशीच उचलली आहे. गाठ परत आली नाही ना हे पाहायला पुढचा एमआरआय उन्हाळ्याच्या सुट्टीत आहे. मधल्या काळात सकाळचे आवाजाचे व्यायाम चालू आहेत.